मजुरी पाडतो तो कोण?

वास्कोहून दिल्लीकडे निघणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ ही स्थानके मागे टाकीत भोपाळला पोहोचते. परतीच्या खेपेस त्याच गाडीच्या अनारक्षित डब्यांतून गाठोडी, घमेली आणि लहान मुले सांभाळीत मजुरांची कुटुंबे मडगावच्या फलाटावर उतरतात. त्यांच्याकडे पाहून आपल्याकडे दोन उद्गार हमखास निघतात. ''हे लोक आले म्हणून आमच्या मुलांची मजुरी पडली,'' हा पहिला. आणि ''हे लोक नसते तर आमचे घर उभेच राहिले नसते,'' हा दुसरा. गंमत अशी की, पुष्कळदा हे दोन्ही उद्गार एकाच माणसाच्या तोंडून निघतात. सकाळी तो घर बांधणारा मालक असतो आणि संध्याकाळी बेकार पुतण्याचा काका असतो.

नवागत मजूर खरोखरच इथल्या मजुराची मजुरी पाडतो काय, हा प्रश्न हिणवून टाळण्यासारखा नाही, तसाच तो घोषणा देऊन सुटण्यासारखाही नाही. ज्याच्या घरी चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्याच्या लेखी हा पोटाचा प्रश्न आहे. परंतु स्वतःच्या अंगणातील भांडणाचा निवाडा स्वतःच करणे कठीण असते. म्हणून हा प्रश्न आपण रुळांच्या पलीकडच्या टोकाला, भोपाळला, नेऊन पाहू. बाहेरच्यांना सामावून घेत वाढलेले ते शहर आहे; आणि ज्या राज्याची ती राजधानी आहे, ते राज्य आपली माणसे बाहेर धाडणारेही आहे. दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच वहीत सापडावा, अशी स्थळे थोडीच असतात.

दोन स्थलांतरे

१९५१ च्या जनगणनेत भोपाळची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे अठरा लाखांवर गेली. साठ वर्षांत शहर अठरा पटींनी फुगले, ते केवळ पाळणे हलल्याने नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपद संपले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड सरकारी कारखानाही तेथे आला.

त्या काळात भोपाळात दोन प्रकारची माणसे आली. पहिल्या प्रकारात आपले मराठी बांधव पुष्कळ होते. नागपूरच्या सचिवालयातील कारकून, लघुलेखक आणि अधिकारी, तसेच ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी कुटुंबे फायलींबरोबर भोपाळला गेली. नवी वसाहत उभी राहिली तिला तात्या टोपे नगर हे नाव मिळाले. आज भोपाळकर तिला टी. टी. नगर म्हणतात आणि नावातला मराठी माणूस त्या दोन अक्षरांत लपून गेला आहे. ही मंडळी परक्या गावी गेली खरी. पण हातात बदलीचा हुकूम, ठरलेला पगार आणि राहायला सरकारी घर अशा व्यवस्थेनिशी गेली. त्यांच्यामुळे भोपाळातील कारकुनाचा पगार पडला, असे कोणी म्हटले नाही. पगार पडणे शक्यच नव्हते. तो श्रेणीने बांधलेला होता.

दुसऱ्या प्रकारातील माणसे ती घरे बांधायला आली. बुंदेलखंडातील सागर, दमोह, टीकमगडकडून आणि दूर छत्तीसगडातून गवंडी, बिगारी आणि डोक्यावर घमेले वाहणाऱ्या स्त्रिया आल्या. या स्त्रियांना तिकडे 'रेजा' म्हणतात. त्यांच्या हाती हुकूम नव्हता, पगाराची श्रेणी नव्हती, आणि दुसऱ्यांसाठी घरे बांधून झाल्यावर स्वतः राहायला घरही नव्हते. एकाच शहरात, एकाच सुमारास झालेली ही दोन स्थलांतरे. एका स्थलांतराने मजुरी पडली नाही आणि दुसऱ्याने पडली असे जर दिसत असेल, तर फरक माणसांच्या येण्यात आहे की ती ज्या स्थितीत आली त्या स्थितीत, हा विचार करायला हवा.

पीठ्यावरचा बाजार

भोपाळात रोजंदारीचे मजूर सकाळी ज्या चौकात जमतात त्याला 'पीठा' म्हणतात. आपल्याकडचा मजूर-नाका तो हाच. थापी-ओळंबा घेतलेला गवंडी एका बाजूला, फावडे-घमेले घेतलेला बिगारी दुसऱ्या बाजूला. मुकादम येतो, नजरेने माणसे निवडतो आणि भाव सांगतो. समजा, शंभर माणसे उभी आहेत आणि काम साठांनाच आहे. उन्ह चढू लागले की उरलेल्या चाळिसांपैकी कोणी तरी भाव उतरवतोच. तो बहुधा असतो कालच गावाहून आलेला. त्याला शहराचा भाव ठाऊक नसतो, उधार देणारा वाणी नसतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायला घर नसते.

म्हणजे पहिला उद्गार निराधार नाही. नवागतामुळे मजुरीवर दाब येतो आणि तो कोणावर येतो हेही उघड आहे. तो वल्लभ भवनातील अधिकाऱ्यावर येत नाही, दुकानदारावर येत नाही. तो पडतो पाच-दहा वर्षांपूर्वी त्याच वाटेने आलेल्या मजुरावर. आधी आलेल्याचा खरा प्रतिस्पर्धी मागून येणाराच असतो. लाभ मात्र ज्यांना स्वस्तात घर बांधून मिळते, स्वस्तात हमाल मिळतो, त्यांच्या पदरी पडतो. स्थलांतराने 'शहराचा' फायदा होतो की तोटा, असा ठोक प्रश्न विचारणारे या वाटणीकडे डोळेझाक करतात.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. नवागत केवळ दोन हात घेऊन येत नाही. पोटही घेऊन येतो. तो पीठ-मीठ विकत घेतो, चहाच्या टपरीवर बसतो, भाड्याची खोली शोधतो. प्रत्येक येणारा जर एकेकाचे काम हिरावून घेत असता, तर एक लाखाचे भोपाळ अठरा लाखांचे झाले तेव्हा तेथे सतरा लाख बेकार दिसायला हवे होते. तसे झाले नाही. शहर वाढले तसे कामही वाढले. प्रश्न कामाच्या संख्येचा कमी आणि कामाच्या मोलाचा अधिक आहे.

पंडितांचा वाद

जगातल्या अर्थशास्त्रज्ञांनीही या प्रश्नावर वर्षानुवर्षे शाई खर्च केली आहे. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेत पोहोचली आणि त्यांतील पुष्कळांनी मायामीत मुक्काम केला. त्या शहरातील कामकऱ्यांची संख्या एकाएकी सुमारे सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये हिशेब मांडून दाखविले की, अल्पशिक्षित कामगारांच्या वेतनावर या लोंढ्याचा दखल घ्यावा असा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी, स्वतः लहानपणी क्यूबाहून आलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने, तेच आकडे वेगळ्या रीतीने चाळले आणि शालेय शिक्षण पुरे न केलेल्या कामगारांचे वेतन दहा ते तीस टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष काढला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण वाद मिटला नाही.

याच देशातला दुसरा दाखला अधिक बोलका आहे. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची 'ब्रासेरो' योजना अमेरिकेने १९६४ मध्ये बंद केली. हेतू हा की, परका मजूर गेला म्हणजे स्वदेशी मजुराचे मोल वाढेल. कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या बागाईतदारांनी मजुरी वाढविण्याऐवजी तोडणीचे यंत्र आणले. त्या काळचे आकडे नव्याने तपासणाऱ्या अभ्यासकांना स्वदेशी मजुराची मजुरी त्या बंदीमुळे वाढल्याचे आढळले नाही. दार बंद केले की आतल्याचे आपोआप भले होते, ही समजूत इतकी सरळ नाही.

आपल्या देशातील एक निष्कर्ष मात्र भोपाळच्या पीठ्याला थेट लागू पडतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यात काम मिळू लागले तेव्हा हंगामी स्थलांतर घटले आणि ज्या शहरांना तेथून मजूर येत होते त्या शहरांत अकुशल मजुरी चढली, असे क्लेमां अँबेर आणि जॉन पॅप या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले. याचा अर्थ असा की, भोपाळच्या चौकातील भाव चौकात ठरत नाही. तो टीकमगडच्या कोरड्या शेतात ठरतो. गावी दोन वेळची सोय असेल तर मजूर मुकादमाला 'नाही' म्हणू शकतो, आणि त्याच्या 'नाही'मुळे शहरातल्या मजुराचाही भाव राहतो. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात शंभराऐवजी सव्वाशे दिवसांचे आश्वासन आहे. पण पेरणी-कापणीच्या हंगामात एकंदर साठ दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. मजुराला 'नाही' म्हणण्याची ताकद नेमकी त्याच दिवसांत लागते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

कायदा आणि त्याचे विस्मरण

आता शहरातला मजूर स्वस्त कसा होतो ते पाहू. किमान वेतन कायदा १९४८ चा. वेतनाचे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासावेत, असे त्यात म्हटले होते. मध्य प्रदेशात २०१४ नंतर ही फेरतपासणी अमलात आली ती एप्रिल २०२४ मध्ये, दहा वर्षांनी. अकुशल कामगाराचे मासिक किमान वेतन ११,८०० रुपये ठरले, म्हणजे पूर्वीपेक्षा १,६२५ रुपये अधिक. महिना उलटतो न उलटतो तोच, मे महिन्यात, मालकांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यास स्थगिती दिली; ती डिसेंबरात उठली. या दहा वर्षांत आणि त्यानंतरच्या सात महिन्यांत भोपाळच्या कामगाराच्या हातून जे गेले ते कोणत्या बिहारी वा बुंदेलखंडी मजुराने नेले नव्हते. ते सरकारी दिरंगाईने आणि न्यायालयीन तारखांनी नेले.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यात एक कलम शहाणपणाचे होते: परराज्यातून आणलेल्या कामगाराला तेच काम करणाऱ्या स्थानिक कामगारापेक्षा कमी वेतन देता येणार नाही. शिवाय घर सोडून यावे लागते म्हणून महिन्याच्या वेतनाच्या निम्मा विस्थापन भत्ताही त्यात होता. हे कलम मनापासून राबविले असते, तर परका मजूर स्वस्त म्हणून आणण्यात कोणालाही स्वारस्य उरले नसते आणि स्थानिकाची मजुरी आपोआप राखली गेली असती. ते बहुतांशी कागदावर राहिले. त्यातील विसंगतीही पाहण्यासारखी आहे. बिलासपूरचा मजूर ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत भोपाळात 'स्वराज्यातला' होता म्हणून त्याला हा कायदा लागू नव्हता. दुसऱ्या दिवशी छत्तीसगड वेगळे झाले आणि मुकादमाने आणलेला तोच मजूर त्याच विटा वाहताना आंतरराज्य स्थलांतरित ठरला. त्याच्या मजुरीत मात्र काडीचा फरक पडला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. मुकादमाशिवाय स्वतःहून आलेल्या मजुरालाही आता स्थलांतरित म्हणून ओळख मिळते, ही जमेची बाजू. पण पूर्वी पाच स्थलांतरित कामगारांपासून लागू होणारे नियम आता दहांपासून लागू होतात, आणि विस्थापन भत्ता गेला आहे. पीठ्यावरून चार-सहा माणसे उचलणारा मुकादम या जाळ्याबाहेरच राहणार.

हक्क नसलेल्या माणसाला हलक्या मजुरीबरोबर हलकी जागाही मिळते. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. त्याच्या फाटकासमोरील जयप्रकाश नगरासारख्या वस्त्यांत रोजंदारीची माणसे झोपड्या बांधून राहिली, कारण शहरात अन्यत्र त्यांना परवडेल अशी जागा नव्हती. १९८४ मध्ये राज्य सरकारने शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. त्याच वर्षी, २ डिसेंबरच्या मध्यरात्री, विषारी वायू प्रथम याच वस्त्यांत शिरला. स्वस्त मजुराची किंमत शहर कशी चुकवून घेते, याचा याहून भीषण हिशेब या देशात दुसरा नसेल.

पाठविणारे आणि पळविणारे

डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशाची सूत्रे हाती घेताच मुख्यमंत्री कमलनाथ यांनी जाहीर केले की, सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी सत्तर टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात. बिहार-उत्तर प्रदेशातील लोक येतात आणि इथले तरुण वंचित राहतात. हीच भाषा मुंबईने १९६६ पासून ऐकली आहे. हरियाणाने पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरविला. तक्रार करणाऱ्या प्रत्येक राज्याला असे वाटते की, आपण फक्त घेणारे आहोत.

मध्य प्रदेश फक्त घेणारे नव्हते, हे दीड वर्षाच्या आत दिसले. २ मे २०२० रोजी टाळेबंदीत अडकलेल्या सुमारे साडेतीनशे मजुरांना घेऊन नाशिकहून निघालेली विशेष गाडी भोपाळजवळच्या मिसरोद स्थानकावर पोहोचली. सर्वांना गाडी मिळाली नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे उमरिया-शहडोलकडील मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांवरून पायी निघाले. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवरच त्यांना झोप लागली आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. त्याच्या आदल्याच दिवशी, ७ मे रोजी, भोपाळमध्ये सरकारने उद्योगांना आकर्षित करण्यासाठी कामगार कायदे सैल करण्याची घोषणा केली होती. नव्या कारखान्यांना एक हजार दिवस बहुतेक बंधनांतून मोकळीक मिळणार होती. आपला मजूर परराज्यात असुरक्षित म्हणून मरतो आणि आपले राज्य त्याच क्षणी मजुराला अधिक असुरक्षित करून भांडवल बोलावते, यातील विसंगती कोणाच्या ध्यानी आल्याचे दिसले नाही.

आपल्या दारात

आता गाडीने आपण परत मडगावला येऊ. गोमंतकीयाला स्थलांतर नवे नाही. आपल्या खेड्यापाड्यांतील माणसे मुंबईच्या कुडांत राहिली, बोटींवर चढली, आखातात गेली. तेथल्या मालकाने पारपत्र काढून घेतले, ठरल्यापेक्षा कमी पगार दिला, की आपण हळहळतो. त्या मालकाची तक्रार आपण ऐकत नाही. कारण तेथे आपला माणूस नवागत असतो. २०२० च्या पावसाळ्यानंतर ओडिशा-झारखंडचे खलाशी परतले नव्हते तेव्हा आपल्याच किनाऱ्यावरील ट्रॉलर धक्क्याला बांधून राहिले, हेही आपण पाहिले आहे.

अशा वेळी दोन वाक्ये पुन्हा ऐकू येतात. मालक म्हणतो, ''स्थानिक पोरे काम करीत नाहीत.'' पुढारी म्हणतो, ''बाहेरच्यांनी काम पळविले.'' दोघांची वाक्ये वरवर विरोधी. पण दोन्हींत एक गोष्ट मोठ्या शिताफीने गाळलेली असते, ती म्हणजे मजुरीचा दर. स्थानिक मुलगा काम करीत नाही असे नव्हे. उघड्यावर झोपून, आठवड्याची सुट्टी न घेता, अपघाताचा विमा नसताना, त्या दरात तो काम करीत नाही. आणि परका ते करतो ते त्याला आवडते म्हणून नव्हे. त्याच्यामागे उचल घेतलेल्या पैशांचा तगादा असतो म्हणून. ज्या दिवशी दोघांना एकच दर, एकच विमा आणि एकच हजेरीपट लागू होईल, त्या दिवशी मालकाला परका स्वस्त पडणार नाही आणि स्थानिक महाग वाटणार नाही.

आमचे म्हणणे येवढेच आहे. नवागताच्या येण्याने मजुरी पडत नाही. त्याच्या निराधारपणाने पडते. हा निराधारपणा निसर्गाने दिलेला नाही. तो न केलेल्या तपासणीने, दहा वर्षे न बदललेल्या दराने, कागदावर राहिलेल्या कलमाने आणि मुकादमाच्या उचलीने घडविलेला आहे. म्हणून परक्या मजुराच्या हक्काची मागणी ही परक्यावरची मेहेरबानी नाही. ती स्थानिक मजुराच्या स्वसंरक्षणाची पहिली पायरी आहे. आपल्या कामगार संघटनांनी नाक्यावरच्या परप्रांतीयाला आपल्या सभासदांच्या यादीत घेतले पाहिजे. कामगार खात्याने बांधकामाच्या जागी जाऊन हजेरीपट आणि मजुरीचा दर तपासला पाहिजे. आणि ग्रामपंचायतींनी, भाडेकरूंची नोंद करताना, त्यांना कामावर ठेवणाऱ्यांचीही नोंद केली पाहिजे.

तात्या टोपे नगरातील कारकुनाला कोणी परका म्हटले नाही, कारण त्याच्या खिशात हुकूम होता. त्याच नगराच्या भिंती रचणाऱ्याच्या खिशात काही नव्हते. सत्तर वर्षे होत आली. तो खिसा अजून रिकामाच आहे, आणि जोवर तो रिकामा आहे तोवर शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या खिशातही फारसे काही पडणार नाही.